मुसकं

६ एप्रिल, रविवार

सकाळी सहा वाजता फ्रिज एक ३.८ अंश, फ्रिज दोन ४.३. दोनचं दार बायकोने, प्रेमिलाने, नीट लोटलं नव्हतं. तिला हाक मारून आकडा दाखवला, तर म्हणते, "अर्ध्या अंशानं काय होते जी?" अर्ध्या अंशाने काय होतं हे ज्याला कळतं, त्याच्याच दुकानाचं नाव 'चार अंश' असतं.

वही नवी आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो. मी दहावी नापास. वाडीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एकोणीस वर्षं तापमानाची पाटी लिहिली. भाजी थंडीत कशी जगते आणि कशी मरते हे मला कोणी शिकवलं नाही, बघून शिकलो. स्टोरेज बंद पडल्यावर मनीषनगरात हा गाळा घेतला, तेव्हा लोक हसले. आपल्याकडे सलाद म्हणजे ताटाच्या कडेला कांदा, टमाटर आणि काकडीच्या दोन चकत्या. त्याचं कोणी दुकान काढतं का? आज तिसरं वर्ष आहे. काचेच्या वाटीत लेट्यूस, किवी, ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकाडो, काकडी, सगळं चार अंशांवर. नावंही मीच ठेवली, 'हेमंत' आणि 'शिशिर'. शिशिरमध्ये काकडी जास्त.

आज लॉनवाले जितेंद्रबाबू स्वतः आले. अक्षय्य तृतीयेला त्यांच्या भाचीचं लग्न, चारशे माणूस. "रुपरावजी, हे एक फंक्शन एकदम फर्स्ट क्लास करून द्या, मग पूर्ण सीझनचं सलाद काउंटर तुमचं." म्हणजे पुढच्या जूनपर्यंत प्रत्येक लग्न माझं. यासाठीच इतकी वर्षं खपलो.

एक गोष्ट इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून माझ्या जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. बर्फ कळतो, मिरची झोंबते, बाकी सगळा ओला कागद. हे कोणालाही माहीत नाही. वाटी तयार झाली की पहिला घास प्रेमिलाला देतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो. ओठ मुडपले की लिंबू जास्त. गाल आत गेला की मीठ कमी. जीभ ओठांवरून फिरली की बरोबर. तोंड वाचण्याची ही विद्याही मी माझी मीच शिकलो. तिला पत्ता नाही. ती साधी आहे.

९ एप्रिल, बुधवार

प्रेमिलाची एक गावठी सवय आहे. प्रत्येक काकडीचं देठाकडचं टोक कापायचं, तेच टोक काकडीवर गोल गोल घासून फेस काढायचा, मग एक चकती कापून तोंडात टाकायची आणि मगच काकडी पुढे घ्यायची. एक काकडी सोडत नाही. तिच्या बापाने शिकवलं आहे.

आज मोजलं. एक्केचाळीस काकड्या, एक्केचाळीस चकत्या. चकती तीन मिलिमीटरची, वजन चार ग्रॅम. एका दिवसात एकशे चौसष्ट ग्रॅम माल बाईच्या पोटात. तिच्यासमोर भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या आकड्यात लिहिलं, ४१.

"मी काही भुक्कड आहो का?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "पाटी वाच."

१० एप्रिल, गुरुवार

आज नाक कापलं गेलं. जितेंद्रबाबू न सांगता मेन्यू ठरवायला आले आणि आत डोकावले. प्रेमिला काकडी कापत होती आणि तोंड चालू होतं. ते हसले. "वहिनींची पार्टी चालू आहे वाटते!" मग हसू आवरून हळूच म्हणाले, "मुलाकडचे लोक बहुत पर्टिक्युलर आहेत बरं का. उष्टं-बिष्टं कोणाच्या डोळ्यांत आलं तर माझी इज्जत जाईल."

ते गेल्यावर मी प्रेमिलाला काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढंच लिहितो की 'मले-तुले' सोडून मला वीस वर्षं झाली, पण आज तोंडातून निघालं, "तुले लाज नाही वाटत?" भाषा घसरली याचं वाईट वाटलं.

१२ एप्रिल, शनिवार

दोन वस्तू आणल्या.

पहिली, गोडी मोजायची नळी. फळाच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, आत आकडा दिसतो. ड्रॅगन फ्रूट बारा, किवी चौदा, काकडी साडेतीन. कोणाचं तोंड बघायला नको. लिंबू आणि मीठ तर आता काट्यावरच बसलं आहे, चारशे वाट्यांचा हिशोब ग्रॅममध्ये पक्का.

दुसरी, मास्क. जाड कापडाचे, डोक्यामागून दोन नाड्यांनी बांधायचे. प्रेमिला आणि कापायला येणाऱ्या दोन्ही बायांना. सकाळी आल्यावर मी स्वतः गाठ मारणार, काम संपल्यावर मीच सोडणार. मधे कोणी हात लावायचा नाही, चाखायचं नाही.

प्रेमिलाने विचारलं, "पाणी?"

"घरून पिऊन यायचं."

१३ एप्रिल, रविवार

सासरे आले. धोंडबा, वय सत्तरच्या पुढे. पारशिवनीकडचं गाव, तिथून एसटीत पोतं टाकून. पोत्यात काकड्या. आल्या आल्या पोतं उतरवून म्हणाले, "जावईबापू, पोरीनं सांगतलं, मोठं लगन हाय म्हणे. म्या म्हनलं बाजाराची कायले घेता? घरचीच आनली. एक एक वेल चाखून तोडली."

काकड्या वाकड्या होत्या. काही तर विळ्यासारख्या. माझ्याकडे लाकडाची सरळ खाच आहे, मीच तासून केलेली. काकडी तिच्यात बसली तर चकत्या सारख्या पडतात, नाही तर वाटीत कुठे कमी कुठे जास्त. मी पोतं उपसून एकेक काकडी खाचेत बसवली. एकशे बारा होत्या. नऊ बसल्या. नऊ घेतल्या.

म्हातारा बघतच राहिला. "काकडी का फुटपट्टी हाय का जी?"

"व्यवसाय आहे, मामा."

मग त्यांचं लक्ष प्रेमिलाकडे गेलं. ती मास्क लावून कापत होती. बाप आला तरी तिने हात थांबवला नाही, हे मात्र तिच्या बाजूने लिहितो.

"पोरीच्या तोंडाले हे मुसकं काहून बांधलं?"

मी स्वच्छतेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमी खळ्यावर बैलाले बांधतो मुसकं. दाने खाऊ नये म्हनून. पन दुपारच्याले सोडतो जी त्याले. पानी दाखवतो."

म्हातारा बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि उरलेल्या एकशे तीन काकड्या येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटायला लागला. माझ्या दुकानासमोर! खिशातून मीठ-तिखटाची पुडी काढून लावून द्यायचा. लोक गाड्या थांबवून खात होते. एक बाई मला विचारते, "भाऊ, तुमच्याकडे अशी नाही का मिळत?"

संध्याकाळच्या एसटीने ते गेले. रिकामं पोतं घडी करून काखेत. चहा घेतला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दुकानात शांतता आहे. तोंडं बांधलेली असली की गप्पाही बंद. एक चकती अशी आणि दुसरी तशी, असं एकदाही झालेलं नाही.

घरी मात्र एक विचित्र गोष्ट. प्रेमिला आता माझ्यासमोर जेवत नाही. मला आणि लेकीला, गार्गीला, वाढते, आणि स्वतः ओट्याशी पाठ करून उभ्याने जेवते. त्यामुळे वरणात मीठ आहे की नाही ते समजत नाही. गार्गीने मीठ घेतलं की मीही घेतो. गार्गी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, पण हल्ली टक लावून बघते. आज तिने चार वेळा मीठ घेतलं. मीही चार वेळा घेतलं. मग तिने स्वतःचं ताट तसंच सारलं आणि दहीभात घेतला. आजकालच्या मुलांना अन्नाची किंमत नाही. मी पूर्ण जेवलो.

२८ एप्रिल, सोमवार

बाहेर चव्वेचाळीस अंश. परवा लग्न.

काकडी आली. पस्तीस किलो, आडत्याकडून निवडून. हिरवीगार, सरळ. एकशे ऐंशीपैकी एकशे शहात्तर खाचेत बसल्या. इतका सुंदर माल मी स्टोरेजमध्येही पाहिला नव्हता. नळीवर आकडा साडेतीन, एकदम बरोबर.

प्रेमिलाने एक उचलून हातात तोलली. मास्कच्या आतून म्हणाली, "अहो, हलकी लागते. उन्हाच्या काकडीले पाण्याचा ताण पडला असंल तर देठापासून कडू निघते. एक चाखून पाहू द्या."

"आकडा बघितला ना?"

"आकडा गोडीचा आहे जी. कडूचा कुठं आहे?"

मी पाटीवर मोठ्या आकड्यात ३.५ लिहिलं.

२९ एप्रिल, मंगळवार

दिवसभर कापणं. प्रेमिलाने दुपारी पुन्हा विचारलं, "एकच चकती. मागं जाऊन खाईन, कोणी पाहणार नाही." मी नाही म्हणालो. संध्याकाळी काकड्या बर्फाच्या पाण्यात टाकायच्या आधी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मी तिच्या मास्कची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली. दोन्ही बाया बघत होत्या. त्यानंतर तिने विचारलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. गाठ मारताना तिच्या मानेवर नाडीचा वळ दिसला. लाल, अर्ध्या सेंटिमीटरचा. उद्यापासून नाडी रुंद घ्यावी असं मनात आलं.

चारशे वाट्या, पाच थर्माकोलच्या पेट्या, ३.९ अंश.

१ मे, गुरुवार

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो. दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही हा नियम माझाच आहे.

काउंटर देखणं झालं होतं. खाली बर्फ, त्यात वाट्या, मधोमध कोरलेलं टरबूज. उन्हातून आलेले लोक आधी आमच्याकडेच आले. पहिल्या दहा मिनिटांत साठ वाट्या गेल्या. गार असल्यामुळे घास आत जाईपर्यंत कोणाला काही कळत नव्हतं. मग एका काकूंनी रुमालात थुंकलं. मग मुलाच्या मामांनी. मग लहान मुलं रडायला लागली, आणि एक आजोबा टरबुजाच्या शेजारीच ओकले. पाहता पाहता काउंटरसमोर अर्धवट वाट्यांचा ढीग लागला.

जितेंद्रबाबू धावत आले. "काय भाऊ, हे काय खिलवून राहिले लोकांना? जहर आहे का?"

मी म्हणालो, असं होणं शक्य नाही. माल मोजलेला आहे.

"मग खा."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. आजूबाजूला गर्दी. मी प्रेमिलाकडे पाहिलं. ती काउंटरमागे उभी होती, मास्क बांधलेला. नुसते डोळे दिसत होते, आणि डोळ्यांत मला काहीच वाचता आलं नाही. डोळे मी कधी शिकलोच नव्हतो.

मी वाटी खाल्ली. पूर्ण, सावकाश, नीट चावून. कुठे चुकलं असेल याचा विचार करत म्हणालो, "लिंबू किंचित जास्त झालं असेल. बाकी उत्तम आहे."

जितेंद्रबाबू माझ्याकडे बघत होते, आधी रागाने, मग वेगळ्याच नजरेने. ते आचाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. आचारी मंडपामागे गेला आणि एका वाटीत पांढरं, घट्ट काहीतरी घेऊन आला. वर केशराच्या दोन काड्या.

"रुपरावजी, तुम्ही तर पारखी माणूस. हे सांगा बरं कसं झालं?"

लुसलुशीत, थंड, दाणा नाही, जिभेला चिकटणारं. पोताने मी ओळखलं. पुन्हा प्रेमिलाकडे पाहिलं. डोळे तसेच. ती एक शब्द बोलली असती, खोकली असती, मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"श्रीखंड," मी म्हणालो. "चांगलं आहे. वेलची थोडी कमी."

चक्क्यात मूठभर मीठ कालवलं होतं.

लोक असे हसले की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. "वेलची कमी!" आचारी मांडीवर हात मारून म्हणत होता. कोणीतरी मोबाइल काढला. मग प्रत्येकाला काहीतरी भरवायचं होतं. एकाने चमचा पुढे केला, "काका, आता हे सांगा, हे!" नवऱ्या मुलाचे मित्र रांग लावून उभे राहिले. मी दोन चमचे खाल्लेही. का खाल्ले ते सांगता येत नाही. बहुतेक एक तरी बरोबर येईल असं वाटलं.

मग मी बोट दाखवून म्हणालो, "हिने कापल्या. सगळ्या काकड्या हिच्या हातच्या आहेत. हिला विचारा."

प्रेमिलाने दोन्ही हात मागे नेले. गाठी सुटायला वेळ लागला, दोन होत्या. मास्क काढून तिने माझ्या हातात ठेवला. तिचं तोंड मी अठरा दिवसांनी दिवसाउजेडी पाहत होतो.

"तुम्हीच बांधलं होतं जी," ती म्हणाली. "सोड म्हणून सांगतलं नाही."

मग तिने एक वाटी उचलली, एक चकती तोंडात टाकली, चावली, आणि माझ्याकडे बघत गिळली. ओठ मुडपले नाहीत, गाल आत गेला नाही. जीभ मात्र ओठांवरून फिरली. हळूच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

म्हणजे बरोबर. पण बरोबर कसं असेल?

३ मे, शनिवार

प्रेमिला गेली. सकाळी धोंडबा आले, आत आले नाहीत. ती एक पिशवी घेऊन निघाली. मी दारात उभा राहून म्हणालो, "हंगाम आहे. दुकानाचं काय?"

धोंडबा म्हणाले, "मले जावयाशी बोलता नाही येत बापू. म्या बैलाशी बोलतो." आणि पोरीची पिशवी खांद्यावर घेतली.

गार्गीही तिच्यासोबत गेली. परीक्षा संपली आहे. जाताना म्हणाली, "बाबा, आईला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. घास खाल्ला की आई मुद्दाम तोंड करायची. तुम्हाला दिसावं म्हणून."

मी म्हणालो, "काहीतरी बोलू नकोस."

हे खरं असणं शक्य नाही. ती विद्या माझी मी शिकलो होतो.

७ मे, बुधवार

फ्रिज एक ४.०, फ्रिज दोन ४.०. दोन्ही रिकामे. इतका स्थिर आकडा कधीच आला नव्हता.

काल बाजूच्या दुकानातल्या पोरी दारात उभ्या राहून "वेलची कमी" म्हणाल्या आणि पळाल्या.

११ मे, रविवार

आज गार्गी आली. परवा पोळी-भाजी विटली होती की नाही ते न समजता खाऊन पोट बिघडलं होतं, त्यामुळे डबा दिसला तसं बरं वाटलं. ती स्कूटीवरून आली होती, तोंडाला स्कार्फ बांधलेला, उन्हात सगळ्याच मुली बांधतात तसा. डोळ्यांवर काळा चष्मा.

"आईनं पाठवलं. आजोबांच्या मळ्यातली काकडी आहे. खाऊन सांगा म्हणाली कशी आहे."

मी तिला समोर खुर्ची दिली. पंखा तिच्याकडे फिरवला. म्हणालो, "स्कार्फ काढ, घाम येईल."

"नको. लगेच निघायचं आहे."

डबा उघडला. चकत्या, नुसत्या देठाकडच्या. प्रत्येकीची कड गडद हिरवी, कडक. मीठ लावलेलं असावं किंवा नसावं. मी मोजल्या. एक्केचाळीस.

म्हणजे पाटीवरचा आकडा तिने लक्षात ठेवला होता. परत करते आहे, असं मला वाटलं. परतफेड म्हणजे राग उतरला. माणूस हिशोब चुकता करतो तेव्हा संबंध ठेवायचा असतो.

मी खायला सुरुवात केली. एकेक चकती चावताना गार्गीच्या तोंडाकडे बघत होतो. स्कार्फ. चष्मा. चष्म्यात मीच दिसत होतो, दोन-दोन, गाल हलताना. पंधराव्या चकतीला मी थांबलो, तर ती म्हणाली, "सगळ्या खा ना बाबा. आईनं मोजून दिल्या आहेत."

मी सगळ्या खाल्ल्या.

"कशा आहेत?"

धोंडबांची काकडी म्हटल्यावर लोक गाड्या थांबवून खात होते. तेव्हा विचार करूनच बोललो, "गोड आहेत. एकदम गोड."

तिने रिकामा डबा उचलला, झाकण लावलं. "सांगते आईला," म्हणाली, आणि स्कूटी सुरू केली.

हे लिहिता लिहिता दोनदा मोरीकडे जाऊन आलो. उन्हाने असेल. बरोबर सांगितलं की चूक, ते गार्गी काही बोलली नाही. चकत्या मात्र तीन मिलिमीटरच्याच होत्या, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. प्रेमिलाचा हात अजून तसाच आहे. तेवढं मी नुसत्या डोळ्यांनी सांगू शकतो.